शब्दचर्चा: ऑनलाइन युवा परिषदेतले शब्द – शिष्टाई, अनुमोदक, तटस्थ वगैरे

प्रश्न (आर्वी तालुका)
आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली काही मुलं यंदा ऑनलाइन मॉडेल यूएनला बसली. माहीत नसलेल्यांसाठी सांगते: ही संयुक्त राष्ट्रांच्या सभेची विद्यार्थ्यांनी केलेली नक्कल. प्रत्येकाला एकेक देश वाटून देतात. त्या देशाचं धोरण वाचायचं, त्याच्या वतीने बोलायचं आणि इतरांशी जुळवून घेत ठराव लिहायचा. सगळा कारभार इंग्रजीत. आता भित्तिपत्रकासाठी मराठीत अनुभव लिहून घेते आहे, तर पहिल्याच ओळीला गाडी अडली. एकीने लिहिलं, 'मी आंतरराष्ट्रीय युवा कूटनीतीत भाग घेतला.' घरी वाचून दाखवलं तर वडील म्हणाले, "कोनाचा काटा काढून रायली वं बाई?" डिप्लोमसीला इथे काय लिहावं? पुढे सिग्नेटरी, अॅब्स्टेन, कॉकस उभे आहेतच.

दर्यापूर
वडिलांचा कान तयार आहे. कूटनीती हिंदी बातम्यांतून आली. मराठीत कूट म्हणजे कपट, नाहीतर कोडं. तिसरं कूट दाण्याचं, ते इथे उपयोगाचं नाही. 'राजनय' कोशात शोभतो, तोंडात बसत नाही. मुत्सद्देगिरीने माणसाचा गुण कळतो, त्याने काम कोणतं केलं ते कळत नाही. शिवाय मुत्सद्दी हा मूळचा अरबी, फारसीतून आलेला शब्द. पूर्वी दप्तरातल्या हिशेबी अंमलदारालाही तो लावत.

माझं मत शिष्टाईला. दुसऱ्याच्या वतीने जाऊन बोलणी करणे, एवढाच तिचा नेमका अर्थ, आणि तुमच्या मुलांनी केलं तेही एवढंच. कृष्णशिष्टाई फसली म्हणून शब्दाला बट्टा लागला नाही. एकेकाळी 'वकील' हाही पर्याय होता. १८०३ मध्ये आडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि नागपूरच्या भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. त्या जमान्यात दरबारात बोलणी करणारा तो वकील. आज मात्र 'मी केनियाची वकील होते' असं लिहिलं तर लोक फी विचारतील.

'आभासी परिषद' असं मात्र लिहू देऊ नका. सप्टेंबर २०२० मध्ये खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत राष्ट्रप्रमुखांनी आपली भाषणं आधी ध्वनिचित्रमुद्रित करून पाठवली होती. त्यांत आभास कसला? ऑनलाइन म्हणावं, झालं.

पुसद
मी अशा परिषदेत बसलो आहे म्हणून लिहितो. दर्यापूरच्या सरांची शिष्टाई पटली, पण आमची निम्मी शिष्टाई टॉवरशी चालली होती. वेळापत्रक जीएमटीचं. त्यांचे दुपारचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, आन् आमच्या फीडरची लाइन जाते तेव्हाच.

अॅब्स्टेनचं, म्हणजे मतदानात हो-नाही दोन्ही न म्हणण्याचं, सांगतो. सुरुवातीला हजेरी होते, त्यात दोन उत्तरं चालतात: 'हजर' किंवा 'हजर आणि मतदान करणार'. दुसरं म्हटलं की ठरावावर हो नाहीतर नाही म्हणावंच लागते, मधात राहता येत नाही. मी तेच म्हटलं होतं. मतदानाच्या वेळी स्लॅबच्या कठड्याले फोन टेकवला, खाली वीट लावली, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरून रायलं. माझ्या देशाचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं आन् पुढचा देश घेतला. मित्र म्हणे, तू तटस्थ राहिला. कायचा तटस्थ! तटस्थ माणूस काठावर उभा असते, दिसते तरी. मी त दिसतच नव्हतो. खऱ्या संयुक्त राष्ट्रांतही तटस्थ आणि मत न दिलेले देश वेगवेगळे नोंदवतात. तेव्हा अॅब्स्टेनले 'तटस्थ' लिहा, लाइन गेलेल्याले 'गैरहजर'. दोन्ही एका रकान्यात टाकू नका, मॅडम.

घाटंजी
ग्रामपंचायतीची ठराव वही लिहिण्यात माझी हयात गेली, म्हणून बोलतो. आपल्याकडे ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं लागतात. ठराव मांडणाऱ्या देशाला 'सूचक' खुशाल लिहा. सिग्नेटरीला मात्र 'अनुमोदक' लिहाल तर अर्थ उलटेल. माझ्या नातीने समजावलं की मॉडेल यूएनमध्ये सिग्नेटरीचा ठरावाला पाठिंबा असेलच असं नाही. मसुद्यावर चर्चा व्हावी एवढंच त्याचं म्हणणं असतं, पुढे तो विरोधातही मत देऊ शकतो. आमच्या वहीत अनुमोदकाने असं केलं तर गावात राहणं मुश्कील! साधं 'चर्चेसाठी सही करणारा देश' लिहा. लांब आहे, पण खोटं नाही.

क्रियापदंही जपा. नातीने महासभेच्या मसुद्यात 'आदेश देते' असं लिहिलं होतं, ते अध्यक्षांनी खोडलं. सदस्य देशांसाठी महासभेचे ठराव शिफारशीवजा असतात, बंधनकारक निर्णय सुरक्षा परिषद घेऊ शकते. म्हणून महासभेसाठी 'आवाहन करते', 'आग्रह धरते', 'दखल घेते', 'खेद व्यक्त करते', अशी चढउतार ठेवावी. आम्हीही कलेक्टर साहेबांना 'विनंती' करतो आणि ग्रामसेवकाला 'सूचना' देतो.

धानोरा
काका, तुमच्या वहीत दर ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' असतं ना? कन्सेन्सससाठी मुलं तोच शब्द उचलतील, तो अडवा. सर्वानुमते म्हणजे सगळ्यांनी होकार दिला. सर्वसहमती म्हणजे बोलून बोलून अशा जागी आले की कुणी औपचारिक हरकत घेतली नाही. आमच्या तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेतं, त्यामुळे हा फरक इकडे पोरांनाही कळतो. हवामान परिषदांतही निर्णय सहमतीनेच होतात, कारण मतदानाचा नियम तिथे देशांनी कधी मान्यच केला नाही.

त्यामुळे एकेका शब्दावर रात्री जातात. २०२० ची ग्लासगोची हवामान परिषद (तिचंच नाव कॉप२६) करोनामुळे वर्षभर पुढे गेली, तेव्हा शंभराहून जास्त देशांतल्या तरुणांनी नोव्हेंबरात 'मॉक कॉप२६' ऑनलाइन भरवली. पुढच्या वर्षी खरी परिषद झाली, तिथे शेवटच्या घटकेला भारताच्या सूचनेवरून कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने 'बंद करणे' जाऊन 'कमी करणे' आलं. आमच्या शेजारच्या चंद्रपुरात या दोन क्रियापदांमधलं अंतर कुणाला शिकवावं लागत नाही.

प्रश्नकर्ती (आर्वी)
सगळ्यांचे आभार. शिष्टाई पक्की. घाटंजीच्या काकांची क्रियापदं तर फळ्यावरच लिहून टाकली. आता नवी अडचण: परिषदेत 'मी' म्हणायला बंदी होती, प्रतिनिधीने स्वतःचा उल्लेख देशाच्या नावानेच करायचा. ते ठीक. पण 'वुई'? एका मुलाने सरसकट 'आम्ही' लिहिलं आहे.

दर्यापूर
इथे मराठीची चैन करून घ्या. इंग्रजीत ऐकणारा आत की बाहेर ते कळत नाही, आपल्याकडे कळतं. 'आम्ही नदी वाचवू' यात समोरचा बाहेर, 'आपण नदी वाचवू' यात तोही आला. देशाची बाजू मांडताना 'आम्ही', मसुद्यावर जुळवून घेताना 'आपण'. कुठल्या वाक्यापासून 'आपण' सुरू झालं ते मुलालाच शोधायला लावा.

पुसद
कॉकस राहिलाच की. त्या चर्चेचे दोन प्रकार. अध्यक्ष नाव घेतील तेव्हाच बोलायचं ती 'नियंत्रित चर्चा'. दुसऱ्या प्रकारात खुर्ची सोडून हिंडत बोलणी करायची असतात, तिला 'मोकळी बोलणी' म्हणा. ऑनलाइनमध्ये मात्र ती मोकळी नसते. वेगळ्या खोलीत टाकतात, तिथे सगळे माइक बंद करून एकमेकांचे फोटो पाहत बसतात, आन् खरा मसुदा व्हॉट्सअॅपवर शिजते. ज्याचा नंबर गटात नाही त्याचा देश गेला. आमच्या वेळी बेटांचे दोन देश असेच राहून गेले.

प्रश्नकर्ती (आर्वी)
'ज्याचा नंबर गटात नाही त्याचा देश गेला' हे तुमचं वाक्य भित्तिपत्रकात घेऊ का? आणि शेवटचं: भाषण लवकर संपलं की उरलेला वेळ अध्यक्षांना किंवा दुसऱ्या देशाला देतात, ते यील्ड. 'वेळ सुपूर्द करणे'?

घाटंजी
सुपूर्दला तहसीलचा वास येतो. 'वेळ सोडणे' लिहा. कॅनॉलवर पाण्याची पाळी सोडतात तसं.

पुसद
घ्या मॅडम, फक्त गावाचं नाव टाका, माझं नको.