रॅम्पइतकीच हँगरची जमीनही बघा

विमानांच्या संग्रहालयाबद्दल ‘संग्रहालय छोटं आहे, सगळं तळमजल्यावरच आहे, म्हणजे व्हीलचेअरला अडचण नाही’ असं कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. जिने नसतात हे खरं. पण अशी बरीच संग्रहालयं जुन्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या मोठ्या शेडमध्ये असतात आणि हँगरच्या सरकत्या दरवाजांचे रूळ जमिनीत बसवलेले असतात. आईला घेऊन गेलो होतो तेव्हा खुर्चीची पुढची छोटी चाकं त्या खाचेत अडकली आणि ती पुढे पडता पडता वाचली. फार घाबरलो होतो. तेव्हापासून रूळ दिसला की मी खुर्ची उलटी फिरवतो आणि मोठी चाकं आधी, रुळाला काटकोनात, पलीकडे नेतो.

थोडं चालू शकणाऱ्यांनी डकोटा या जुन्या वाहतूक विमानात चढण्याआधी विचार करावा. १९३५मध्ये पहिल्यांदा उडालेल्या डीसी-३ या प्रवासी विमानाचं हे लष्करी रूप. तिसरं चाक शेपटीखाली असल्याने उभ्या विमानाचं नाक वर असतं, आणि मागच्या दारापासून कॉकपिटपर्यंत आतली जमीन चढणीची. रॅम्पला सहसा १:१२ उतार (१२ फुटांत १ फूट चढ) धरतात, हा त्याहून बराच तीव्र. दुखऱ्या गुडघ्यांना परतीचा उतारच जड जातो. आई बाहेरच थांबली. पण शेजारच्या जेटच्या चाकांच्या कप्प्यातल्या हायड्रॉलिक नळ्या तिला खुर्चीत बसल्या बसल्या नीट दिसल्या, मला त्यासाठी पार वाकावं लागलं.