पुरस्कार देताना ‘दोन शब्द’ म्हणजे किती?

सचिव: आपल्या सोसायटीच्या शनिवारच्या कार्यक्रमाची पत्रिका ग्रुपवर टाकलीय. चूक असेल तर आजच सांगा, उद्या छापायला जाईल.

ए-२०३ ताई: माझ्या नावापुढे ‘पुरस्कार प्रदान आणि मनोगत’ लिहिलंय. मनोगत सी विंगच्या काकांचं ना? पुरस्कार त्यांना आहे.

सचिव: हो हो, दुरुस्त करतो. तुम्ही दोन शब्द बोला, मानचिन्ह द्या, मग काका बोलतील.

ए-२०३ ताई: दोन शब्द म्हणजे किती? गेल्या वेळच्या दोन शब्दांत मुलं खुर्च्यांवर झोपली होती.

बी-५०१ काका: तीन मिनिटांच्या वर नको. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. कमी पडलं म्हणून कोणी तक्रार करत नाही.

ए-२०३ ताई: थोडं लिहिलंय, बघा बरं. “आज या ठिकाणी उपस्थित मान्यवर आणि बंधु-भगिनींनो, निःस्वार्थी, मनमिळाऊ, हरहुन्नरी आणि सदैव हसतमुख अशा काकांचा परिचय करून देण्याचे भाग्य मला लाभले. त्यांच्याविषयी बोलावे तेवढे थोडेच...”

डी-३०२: एकदम भारी ताई!

बी-५०१ काका: ताई, राग मानू नका. काकांच्या जागी दुसरं कोणतंही नाव घालून वाचा. काही अडतं का? माझ्या निरोप समारंभातही हीच विशेषणं होती, आणि बोलणाऱ्या साहेबांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं.

ए-२०३ ताई: मग लिहू काय? मला काकांबद्दल फारसं माहीतच नाही हो. पाण्याचं बघतात, एवढंच.

सी-१०४ काकू: अगं, मला विचार ना, शेजारी आहेत. ते रोज सकाळी आणि रात्री पाण्याच्या मीटरचा आकडा वहीत लिहितात. कोणी सांगितलेलं नाही. एकदा त्यांच्या लक्षात आलं की रात्री टाकी भरलेली, टाकीत पाणी सोडणारा बॉलकॉक बंद, कोणी पाणी घेत नाही, तरी सकाळपर्यंत आकडा पुढे सरकलेला. मीटर आणि टाकी यांच्यामधली जमिनीखालची पाइप फुटली होती. वर ओल नाही, काही नाही. वहीमुळे सापडली.

बी-५०१ काका: झालं की भाषण! हेच सांगा. ‘दक्ष’ म्हणायची गरजच नाही, वही ऐकून लोक स्वतःच म्हणतील.

डी-३०२: नोबेलला असंच असतं. १० डिसेंबरला स्टॉकहोमला समितीचा सदस्य आधी काम काय केलं ते सांगतो, शेवटी विजेत्याकडे वळून थेट त्याच्याशी बोलतो आणि राजाच्या हातून पुरस्कार घ्यायला पुढे बोलावतो. राजा फक्त देतो, भाषण करत नाही.

सचिव: आपल्याकडे दोन्ही ताईंकडेच आहे. राजाचं मानधन मात्र मिळणार नाही.

बी-५०१ काका: वळून बोलायचं हे मात्र उचलण्यासारखं आहे. आधी सभेला सांगा, शेवटची दोन वाक्यं काकांकडे बघून. नाहीतर माणूस शेजारी उभा असतो आणि आपण ‘ते असे, ते तसे’ म्हणत राहतो. त्याला कुठे बघावं कळत नाही.

बी-१०२: काकांच्या ऑपरेशनचंही सांगा. एवढं होऊनही वही चुकली नाही! टाळ्या पडतील.

सी-१०४ काकू: मुळीच नको. घरातल्यांना सोडून ते कोणाला सांगितलेलं त्यांना आवडत नाही. तुम्हाला कळलं कसं?

बी-१०२: वॉचमनकडून. बरं, राहू दे.

बी-५०१ काका: आजार, वय, पैसा, मुलं कुठे असतात, यातलं काही घ्यायचं असेल तर आधी त्यांना विचारायचं. आणि ‘यांच्यासारखं दुसरं कोणी करत नाही’ असं नको. समोर बसलेल्यांत जिन्याचे दिवे बघणारेही असतात.

ए-२०३ ताई: काका ऐनवेळी आलेच नाहीत तर? त्यांना गर्दी नको असते.

डी-३०२: १९१३ मध्ये रवींद्रनाथ टागोरही स्टॉकहोमला नव्हते. त्यांच्या कामावरचं भाषण झालंच, नंतर मेजवानीत त्यांची तार वाचून दाखवली.

सी-१०४ काकू: येतील. मी घेऊन येते. वही पण आणायला सांगू का?

बी-५०१ काका: नको, मग वहीच भाषण करेल.

सचिव: मानचिन्हं तीन आहेत, खोकी सारखीच. कोणतं कोणाचं ते मी वर लिहून ठेवतो.

डी-३०२: नक्की लिहा. २०१७ च्या ऑस्करला चुकीचं पाकीट हातात गेलं आणि ‘मूनलाइट’ऐवजी ‘ला ला लँड’ जाहीर झालं. ते लोक आभार मानत असताना चूक सांगावी लागली.

बी-५०१ काका: त्यात पाकीट उघडणारा अभिनेता वॉरन बेटी घुटमळला होता. शंका आली की तिथेच थांबून विचारावं, लोक थांबतात.

ए-२०३ ताई: आणि माइक?

बी-५०१ काका: बोलून झालं की माइक ठेवा, मगच मानचिन्ह उचला. एका हातात माइक, दुसऱ्यात मानचिन्ह, आणि काका हात पुढे करून उभे, असा फोटो येतो दरवेळी. नावाची बाजू लोकांकडे ठेवा.

ए-२०३ ताई: नवीन लिहिलंय. “नमस्कार. आपल्या सोसायटीत एक वही आहे. तिच्यात रोज दोन आकडे लिहिले जातात, पाण्याच्या मीटरचे. एके रात्री टाकी भरलेली होती, सगळे झोपलेले होते, तरीही सकाळी आकडा वाढला होता. वहीवाल्यांनी तो फरक सोडून दिला नाही. जमिनीखाली फुटलेली पाइप सापडली ती त्या फरकामुळे. यंदाचा पुरस्कार त्या वहीसाठी आहे. काका, तुम्ही कोणी न सांगता हे केलंत. आता आम्हा सगळ्यांच्या वतीने हे स्वीकारा, आणि दोन शब्द बोला.”

बी-१०२: एवढंच? मिनिटभरात संपेल.

बी-५०१ काका: संपू दे. मला आवडलं. काकांचं पूर्ण नाव मात्र शेवटी येऊ द्या, ‘काका’च्या आधी. टाळ्या तिथेच पडतात. आणि आडनावाचा उच्चार काकूंकडून घोकून घ्या, नोटीस बोर्डावर चुकलंय.

सी-१०४ काकू: अगं, एक राहिलं. नुसतं ‘टाकी’ नको, ‘जमिनीखालची टाकी’ म्हण. गच्चीवरची धरली तर हिशोब जुळत नाही, आणि ते तिथेच स्टेजवर सांगत बसतील.

ए-२०३ ताई: बदललं.