निळी सायकल कोणाची?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. मीटरबोर्डाखाली गिअरची निळी सायकल चार वर्षं धूळ खात उभी आहे. मालक कोण? रविवारपासून रंगवाले येतायत.

बी-३०४: माझीच, साहेब. काढतो उद्या. २०१० ची आहे. परत चालवायचं मनात आलंय. हीच दुरुस्त करू की नवी घेऊ? वय ४६, बजेट ४० हजार. धुळ्याबाहेर लळिंग कुरण, नकाणे तलाव, एवढंच फिरायचंय.

नाना (ए-१०१): चार वर्षं ती खाली अन् तू वर. आज एकदम कथा चालना रे भो, कुठे निघालास?

ए-२०३: मघाशी बघून आलो. ग्रिप वितळून हाताला चिकटतात, टायरला भेगा, ब्रेकचं रबर दगड झालंय. हे सगळं किरकोळ. पण नवा शॉकअप टाकायचं डोक्यात असेल तर ते राहू द्या. हल्लीच्या बऱ्याच फोर्कची, म्हणजे पुढच्या शॉकअपची, वर जाणारी नळी खाली जाड असते, तुमच्या फ्रेमच्या जुन्या सरळ हेडट्यूबात (हँडलखालच्या नळीत) ती जात नाही. फ्रेमला डिस्क ब्रेकची जागाही नाही. टायर-ट्यूब बदलून दूध आणायला वापरा, कुरणासाठी नवी घ्या.

बी-३०४: दुकानात गेलो तर डोकंच फिरलं. २६ इंची चाकं कोपऱ्यात, सगळीकडे २९ आणि २७.५. पुढच्या तीन दातेरी चकल्या गायब, एकच उरलीय. चढाला काय करायचं?

ए-२०३: घाबरू नका. तुमच्या जुनीत सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढे २२ दाते, मागे ३४. नवीनमध्ये पुढे ३२, मागे ५१. भागून बघा, जवळपास तेच येतं. चाक मोठं म्हणून किंचित जड, इतकंच. चेन सरकवणारा पुढचा डिरेलर गेला, चेन उतरायची कटकट कमी झाली. ४० हजारांत मागे ५१ नाही मिळालं तरी ४६ चालेल, पुढे ३० असेल तर उत्तमच. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक मात्र सोडू नका. लळिंगच्या उतारावर एका बोटाने थांबते.

बी-३०४: पुढे-मागे दोन्ही शॉकअपवाली ३० लाच मिळतेय.

ए-२०३: नको. त्या किमतीत मागे नुसती स्प्रिंग असते. पॅडल मारलं की डुलते, पायाची ताकद तिथेच जिरते, वजन वाढतं ते वेगळंच. फक्त पुढे शॉकअप असलेली घ्या.

बी-२०२ ताई: दादा, मापही बघा. मला दुकानदाराने १९ इंची फ्रेम गळ्यात मारली. म्हणे दिसायला भारी. माझी उंची ५ फूट ३. उतरताना दरवेळी दांडीवर आपटायचे. शेवटी विकली.

ए-२०३: ताईंचं खरंय. दोन्ही पाय टेकवून दांडीच्या वर बोटं फिरतील एवढी जागा हवी. आणि आता खरं दुखणं: वेडी बाभूळ. गेल्या महिन्यात कुरणातून आलो, मागच्या टायरात मोजून सात काटे. ट्यूब असती तर तिथेच बसलो असतो. ट्यूबलेस होतं. काटा उपसला, आतलं पांढरं दूध, म्हणजे भोक बुजवणारं सीलंट, फेसाळत बाहेर आलं, चाक दोनदा फिरवलं, बंद. म्हणून रिम ट्यूबलेस-रेडी आहे ना, हे आधी विचारा, रंग नंतर. फक्त आपल्या मे महिन्यात ते सीलंट लवकर वाळतं. दोन महिन्यांनी उघडून बघत जा, नाहीतर आत नुसती पापडी सापडेल.

नाना: अन् पावसात काळ्या रानात घालू नको. आमच्या बैलगाडीची चाकं जाम व्हायची, तुझ्या सायकलचं काय घेऊन बसलास!

ए-२०३: नाना बरोबर. माती फ्रेमच्या फटीत भरली की सायकल खांद्यावर.

बी-३०४: ठरलं. शनिवारी दुकानात येणार का सोबत?

ए-२०३: येतो. टेप घेऊन.

सेक्रेटरी: सगळं ठीक, पण निळी?

नाना: निळी माझ्या नातवाला. २६ ची ट्यूब कुठेही मिळते. फक्त सीट खाली करून दे, अन् घंटी लाव. पोरगं पार्किंगमधून सुसाट निघतं.

सेक्रेटरी: मीटरबोर्डाखाली मात्र लावू नका.