लँडलाइनवर फोन करणाऱ्याचा नंबर कधी दिसतो, कधी अर्धाच दिसतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मिरजेला आई-बाबांच्या घरी लँडलाइन आहे. तीन महिन्यांपूर्वी तांब्याची जुनी लाइन काढून फायबर घेतलं. नंबर तोच ठेवला, फोनही तोच, छोट्या पडद्याचा साधा. आवाज आता पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ येतो. पण तेव्हापासून कॉलर आयडीचा भरवसा राहिलेला नाही. कधी नंबर पूर्ण येतो, कधी येतच नाही, आणि कधी सुरुवातीचे दोन-तीन आकडे गळून उरलेलेच दिसतात.

यात माझा जीव का अडकलाय ते सांगतो. गेल्या दिवाळीत आईला ‘पोलिस बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय’ असा फोन आला होता. बाबा शेजारी होते म्हणून निभावलं. तेव्हापासून आम्हीच तिला सांगून ठेवलंय की ओळखीचा नंबर दिसला तरच उचलायचा. फोनशेजारी एक पुठ्ठा आहे, त्यावर मोठ्या अक्षरात घरच्यांचे नंबर लिहिलेत. रिंग वाजली की ती चष्मा चढवते आणि पडद्यावरचे आकडे पुठ्ठ्याशी ताडून बघते. गेल्या मंगळवारी मी पाच वेळा फोन केला, तिने एकदाही उचलला नाही. माझा नंबर आठच आकडी दिसत होता. शेवटी शेजारच्या काकूंना घरी पाठवावं लागलं.

आतापर्यंत केलेले उपाय: सेल बदलले, फोनची वायर बदलली, काकूंचा फोन आणून लावला. फरक शून्य. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून फोन करून पाहिले, सगळ्यांची तीच गत, म्हणजे फोन करणाऱ्याच्या बाजूने दोष नसावा. बाबा पहिल्याच रिंगला उचलतात म्हणून तसं होतंय का, अशीही शंका होती. पण न उचललेल्या कॉलच्या यादीतही नंबर अर्धवटच आहेत.

मग शनिवारी वही घेऊन बसलो. घरातल्या जुन्या वायरिंगवरून 20 कॉल केले, 9 वेळा नंबर पूर्ण आला. बेडरूममधला दुसरा फोन काढला, तर 20 पैकी 13. फोन उचलून थेट मोडेमच्या फोनच्या खाचेत लावला, तर 17. भिंतीवरची पांढरी डबी उघडून पाहिली, तर एका स्क्रूवर हिरवं कीट चढलेलं. ही वायर 1996 सालची आहे, त्यामुळे तिचा वाटा आहे हे उघड आहे. पण थेट मोडेमला लावूनही तीनदा चुकतंच आहे, हे कोडं सुटत नाही.

मला समजलंय ते असं. नंबर पाठवायच्या दोन पद्धती आपल्याकडे आढळतात. डीटीएमएफमध्ये बटणं दाबल्यासारखे सूर जातात, ते सहसा पहिल्या रिंगच्या आधी. फोन जागा व्हायला उशीर झाला की सुरुवातीचे आकडे हुकतात. एफएसके सहसा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत येतं आणि त्यात पडताळणीचा आकडाही असतो, त्यामुळे काही बिघडलं तर फोन तो नंबर धरतच नाही. आमच्याकडे आकडे गळतायत, म्हणजे मोडेम डीटीएमएफने पाठवत असावा असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर जरूर सांगा.

लाइनमनला हे बोललो, तर ‘ते सेटिंग आमच्या हातात नाही, फोन बदला’ एवढंच उत्तर मिळालं. मोडेमच्या पानावर आमच्या लॉगिनने फक्त वायफाय बदलता येतं, फोनचा भाग दिसतच नाही. कोणी तक्रार करून डीटीएमएफचं एफएसके करून घेतलंय का? तक्रारीत नेमकं काय लिहिलं म्हणजे ती योग्य माणसापर्यंत पोहोचते? आणि हॉलपासून बेडरूमपर्यंत नवी वायर टाकायचीच आहे, तर नेटवर्कच्या केबलमधली एक जोडी वापरावी की फोनचीच वायर घ्यावी? आईला दोन्हीकडे फोन हवा आहे, रात्री उठून हॉलमध्ये जाणं तिला झेपत नाही.

येत्या रविवारी मी मिरजेत आहे. सांगाल ती चाचणी करून आकडे इथे टाकतो.