मदत हवी आहे: गॅरेजच्या कोब्यावरचे डाग जाता जात नाहीयेत

चिऱ्याचं घर: गेले दोन रविवार गॅरेजचा कोबा घासतोय. साबण झाला, ब्लीचिंग पावडर झाली, तारेचा ब्रश झाला, हात सोलवटले, डाग तिथेच. चतुर्थीला मुंबईची सगळी मंडळी येणार आणि पंगत तिथेच मांडायची आहे. काय टाकू ते पटकन सांगा, बाजारात निघालोय.

खाडीपलीकडचा: कसले डाग? किती जुने? फोटो टाका.

चिऱ्याचं घर: डाग म्हणजे डाग हो, काळपट. गॅरेज आहे म्हणजे तेलच असणार ना. फोटो चढत नाहीये, रेंज नाही.

देवगडचे काका: सरळ ॲसिड आण. आमच्याकडे संडासाच्या फरश्या एका बाटलीत लख्ख झाल्या.

कोबेवाला: काका, फरशी वेगळी, कोबा वेगळा. ॲसिडने तेल निघत नाही, ते सिमेंट खातं. वरची घोटाई गेली की कोबा खरबरीत होतो आणि पुढच्या पावसात त्यात शेवाळ धरतं. शिवाय ह्यांनी ब्लीचिंग टाकलंय, त्यावर ॲसिड पडलं तर क्लोरीन सुटेल, बंद गॅरेजात जीव गुदमरेल.

देवगडचे काका: आम्हाला कधी काही झालं नाही.

कोबेवाला: तुमच्या संडासाला खिडकी असेल.

मालवणी बाणो: आमी खळ्यात शेणान सारवतंव, डाग खंय दिसता?

परळचा चाकरमानी: एपॉक्सी मारून टाका, मॉलच्या पार्किंगसारखं चकाचक. बाकी गणपती स्पेशलचं कन्फर्म कोणाला मिळालं का? आमचं अजून वेटिंग.

खाडीपलीकडचा: त्याचा वेगळा धागा आहे. आणि ओल असलेल्या कोब्यावर एपॉक्सी टिकत नाही, पापुद्रे सुटतात.

कोबेवाला: @चिऱ्याचं घर, प्रत्येक डागावर पाण्याचा एकेक थेंब टाका आणि बघत बसा. थेंब तसाच उभा राहिला तर आत तेल आहे, जिरला तर दुसरं काहीतरी.

चिऱ्याचं घर: टाकला. बाइकखालचा थेंब मोत्यासारखा उभा आहे. भिंतीकडचे सगळे लगेच जिरले. पण ते गोल आहेत, ताटाएवढे, मध्ये काही नाही, नुसती तांबूस कड.

खाडीपलीकडचा: गोल?? हे आत्ता सांगताय? तिथे सिलिंडर ठेवता का?

चिऱ्याचं घर: हो मग, दुसरा कुठे ठेवणार.

कोबेवाला: मग तो बुडाचा गंज आहे, साबणाने शंभर वर्षं जाणार नाही. आधी ब्लीचिंग भरपूर पाण्याने धुऊन काढा. मग त्या कडेवर लिंबाचा रस, दहा-पंधरा मिनिटं, काथ्याने घासा आणि लगेच धुवा. लिंबूही आंबटच, रात्रभर ठेवू नका. तारेचा ब्रश फेकून द्या, त्याचे तुकडे अडकले की तेच गंजतात. बाइकखाली लाकडाचा भुसा पसरून पायाने रगडा, रात्रभर ठेवा, झाडून काढा, मग धुण्याचा सोडा आणि कढत पाणी. हे दोन-तीनदा करावं लागेल. आणि आधी गळती थांबवा, ड्रेन बोल्टचा वॉशर बघा.

मालवणी बाणो: लिंबू कित्याक, सोलां हत मां घरात!

कोबेवाला: सोलांनी तांब्याची भांडी घासा, इथे लाल डाग नवा पडेल.

चिऱ्याचं घर: गंजाची कड बरीच फिकी झाली, उन्हात बघितली तरच दिसते. तेलाचा डाग अजून आहे, भुसा दुसऱ्यांदा टाकलाय. आणि आत्ता जाऊन बघतो तर बाबांनी सिलिंडर परत तिथेच ठेवलाय, ओल्यावर.

खाडीपलीकडचा: खाली फळकूट टाका.