स्टाइनिट्झबद्दल काय वाचावं, कोणते डाव बघावेत?

अडकलेलं प्यादं:
घरात सध्या एकच वाद. भाची म्हणते बारावीनंतर वर्षभर फक्त बुद्धिबळ, आणि आईचं पालुपद, "पटावर चूल पेटते का?" त्यावरून उत्सुकता लागली की नुसतं खेळून पोट भरणारे सुरुवातीचे लोक जगले कसे. विल्हेल्म स्टाइनिट्झ हे नाव आणि १८८६ चं जगज्जेतेपद एवढंच ठाऊक आहे. सुरुवात कुठून करू? मला जेमतेम खेळता येतं.

तिरका उंट:
१८८६ पासून नको, मागून या. जन्म १८३६, प्रागच्या ज्यू वस्तीतला. गणित शिकायला व्हिएन्नाला गेला, शिक्षण राहिलं बाजूला आणि कॅफेत पैसे लावून खेळू लागला. १८६२ ला लंडनच्या स्पर्धेत सहावा आला आणि तिथेच राहिला. १८६६ मध्ये जर्मन खेळाडू अँडरसनला ८-६ हरवलं. १४ डाव, एकही बरोबरी नाही! हे डाव आधी बघा, दोघेही तलवार उपसूनच बसलेत. अँडरसन ब्रेस्लाउला शाळेत गणिताचा मास्तर, हरला तरी पगार चालू. स्टाइनिट्झला तसा आधार नव्हता.

कॅफेकर:
+१. पैशाची बाजू बघायची तर मधली वर्षं वाचा. १८७३ ते १८८२ तो 'द फील्ड' साप्ताहिकात बुद्धिबळाचं सदर लिहीत होता. त्या काळात एकाही स्पर्धेत उतरला नाही. १८७६ ला इंग्लंडच्या ब्लॅकबर्नला सामन्यात ७-० धुतलं, तेवढंच मोठं काम. म्हणजे चूल पेटत होती, पण लेखणीवर.
सामन्यांचं गणित वेगळं. दोन्ही बाजूंचे पाठीराखे पैसे लावायचे. १८८६ ला जगज्जेतेपदासाठी झुकरटोर्टशी खेळताना प्रत्येक बाजूने २००० डॉलर. न्यू यॉर्कमध्ये १-४ असा मागे पडला होता, शेवटी १०-५ ने जिंकला. अमेरिकेत स्वतःचं मासिकही काढलं, 'इंटरनॅशनल चेस मॅगझिन', १८८५ ते १८९१. जुने अंक मिळाले तर सोडू नका, माणूस लेखणीनेही भांडायचा.

अडकलेलं प्यादं:
भारी! एकच डाव बघायचा तर?

तिरका उंट:
हेस्टिंग्ज १८९५, फॉन बार्डेलेबेनविरुद्ध. पंचविशीतल्या लास्करने आदल्याच वर्षी जगज्जेतेपद काढून घेतलेलं, स्टाइनिट्झचं वय ५९. स्टाइनिट्झचा पांढरा हत्ती सातव्या रांगेत थेट काळ्या राजाला खेटून शह देतो. राजाने मारला तर राजा उघड्यावर, वजिराने मारला तर मोहरा जातो. मग तोच हत्ती त्याच रांगेत घरामागून घर सरकत शह देत राहतो आणि हात लावायची कुणाची टाप नाही. बार्डेलेबेन हार न मानता उठून गेला, घड्याळ संपू दिलं. स्टाइनिट्झने पुढची मात प्रेक्षकांना करून दाखवली. पहिल्यांदा बघताना चाली सुचवणारं संगणकाचं इंजिन बंद ठेवा, नाहीतर मजा गेली.

रविवारचा खेळाडू:
हाच ना, जो देवाला एक प्यादं देऊन खेळतो म्हणायचा?

कॅफेकर:
ती गोष्ट सगळीकडे फिरते, पुरावा कुणी दाखवत नाही. खरं आहे ते असं की १८९६-९७ ला मॉस्कोत लास्करशी परतीचा सामना १०-२ ने हरल्यावर मानसिक आजाराने त्याला तिथेच डांबून ठेवलं होतं. १८९९ ला लंडनमध्ये बक्षिसाविना परतला. ऑगस्ट १९०० मध्ये न्यू यॉर्कच्या मनोरुग्णालयात वारला, मागे बायको आणि दोन लहान मुलं, पैसा नाही. लास्करने यातून धडा घेतला म्हणतात. पुढे मानधनाबाबत तो इतका ताठ वागला की लोक त्याला लोभी म्हणायचे. मला तरी त्यात लोभ दिसत नाही.

अडकलेलं प्यादं:
वाचनखूण साठवली. ते १४ डाव आजच काढते. ऑनलाइन डेटाबेसमध्ये असतीलच ना?

तिरका उंट:
असणारच. शोधताना दोघांची नावं आणि १८६६ टाका. भाचीलाही सोबत बसवा, राजाच्या गॅम्बिटमधल्या (सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला करायचा डाव) चाली तुमच्यापेक्षा तिला लवकर कळतील.