रॉक म्युझिकलला शिट्ट्या कुठवर माराव्यात?

मागचीरांग: परवा इथल्याच पोरांचं रॉक म्युझिकल बघितलं. तबला-पेटी नाही, ड्रम्स आणि दोन गिटार. नायिका लुंगी नेसून थेट प्रेक्षकांतनं स्टेजवर चढली. नाद खुळा! दुसऱ्या गाण्यापासनं मागची पोरं उभी, 'वन्स मोअर' आणि शिट्ट्या. पण त्या दंग्यात संवाद पार बुडाले. तिनं घर का सोडलं ते शेजाऱ्याला विचारावं लागलं. मी शिट्टी मारणाऱ्यातलाच, तरी विचारतो.

रंकाळाकर: भावा, वन्स मोअर काय आजचा हाय? हे कोल्हापूर, संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसल्यांचं गाव. पणज्यांनी पदं परत परत म्हणून घेतली, तवा नाटक पहाटेपर्यंत चालायचं. कोण म्हटलं का गोष्ट कळली नाही?

विंगेतला: दोष शिट्ट्यांचा कमी, साऊंडचा जास्त. ड्रम्स उघडे ठेवले की नटांच्या माइकमध्येही तेच घुसतात. भोवती पारदर्शक आडोसा लावतात तो त्यासाठीच. बाकी, १९६८ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या 'हेअर' या रॉक म्युझिकलमध्ये शेवटी प्रेक्षकांना स्टेजवर नाचायला बोलवायचे. हा प्रकारच तसला.

मागचीरांग: आडोसा नव्हता, खरंय. पण रंकाळाकर, पद संपल्यावरचा वन्स मोअर वेगळा आणि वाक्य तोडून मारलेली शिट्टी वेगळी. पुढच्या रांगेतले आजोबा मात्र गाण्यात टाळ्या, संवादात गप्प. रविवारी परत प्रयोग हाय, कोण येतंय?

रंकाळाकर: दोन तिकिटं धर. पुढची रांग नको.